सेराफीनचं स्वच्छ घर

"बूट काढ आधी," सेराफीन म्हणाली.

"काढते गं बाई. आत येऊ देशील, की दारातच आंघोळ घालणार आहेस?" ओडीलने एका हाताने चौकट धरली आणि दुसऱ्या हाताने बूट ओढायला घेतले. तिचा डावा गुडघा वाकत नसे, त्यामुळे हे काम लांबलं आणि तेवढ्या वेळात तळ्यावरचं नोव्हेंबरचं वारं थेट स्वयंपाकघरात शिरलं. सेराफीन हातात फडकं घेऊन तिच्या बुटांखालचा बर्फ वितळायची वाट बघत उभी राहिली. फरशी तिने सकाळपासून दोनदा पुसली होती.

"हे काय आणलंस?"

"धुरावलेला मासा. मायलेकी जेवाल म्हणून."

"घरभर वास सुटेल."

"सुटू दे की. त्या बाईला कळेल तरी, इथं माणसं राहतात म्हणून."

ओडील सेराफीनच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पण नात्यातली चेष्टा काही त्याच्याबरोबर गेली नाही. तळ्याकाठच्या या क्री आदिवासींच्या वस्तीत दोघींची घरं हाकेच्या अंतरावर होती आणि दोन घरांत फरक म्हणाल तर जमीन-अस्मानाचा. ओडीलच्या घरात मुलगे, सुना, नातवंडं, कुणाची तरी मेव्हणी आणि दोन कुत्री अशी जत्रा. एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा, भिंतीला ओल. सेराफीनच्या घरात एकटी सेराफीन. तिच्याकडे माशी आली तरी पाय पुसून येते, असं ओडील चारचौघांत सांगायची.

आणि ते फारसं खोटं नव्हतं. सोळाव्या वर्षी सेराफीन मिशनच्या निवासी शाळेतून सुटली ती सरळ तालुक्याच्या इस्पितळात लॉन्ड्रीला लागली, आणि पेन्शन मिळेपर्यंत तिथंच नोकरीत राहिली. चादरी, गाऊन, टॉवेल. तिने घातलेली घडी डोळे मिटून ओळखता यायची. इस्पितळात किती डॉक्टरांचे संसार मोडले, पण सेराफीनची घडी मोडली नाही, असं तिथल्या नर्स म्हणायच्या. सेराफीन यावर हसत नसे. घडी नीट असते किंवा नसते, त्यात हसण्यासारखं काय, असा तिचा स्वभाव.

आज दुपारी बालकल्याण खात्याची बाई घर बघायला येणार होती. तिच्याबरोबर डार्ला, सेराफीनची एकुलती एक मुलगी. डार्लाला उन्हाळ्यात मुलगी झाली, टेसा. डार्लाच्या दारूची नोंद आधीपासून कागदोपत्री होती, म्हणून खात्याने ते बाळ इस्पितळातूनच उचललं आणि गावातल्या एका घरी तात्पुरतं सांभाळायला दिलं. डार्ला तेव्हापासून व्यसनमुक्ती केंद्रात होती आणि या वेळी मनापासून टिकून होती. पण तिथून बाहेर पडायला अजून अवकाश होता. तोवर पोरीचं काय, हा प्रश्न होता. आजीचं घर पसंत पडलं आणि डार्लाने सही केली, तर टेसा इथं येणार. नाहीतर दूरच्या विनिपेग शहरातलं एक कुटुंब तिला न्यायला तयार होतं. भली माणसं होती म्हणे, दोन गाड्या होत्या. विनिपेगला गेलेल्या पोरांचं काय होतं ते वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. दोन-तीन नाताळ फोटो येतात. मग तेही थांबतात.

ओडील लंगडत आतल्या खोलीत गेली. तिथं पाळणा मांडलेला होता. त्याची चादर इतकी ताणून खोचलेली होती की ओडीलने बोटाने टिचकी मारली तर ढोलक्यासारखा आवाज आला.

"या चादरीत पोर शिरणार कशी? पाकिटात पत्र घालतात तशी?"

"सुरकुती पडली की बाळाच्या पाठीला टोचते."

"माझी आठ वाढली सुरकुत्यांत. एकालाही टोचलं नाही." ओडीलने खिडकीचा पडदा जरा ओढला. सेराफीनने तो लगेच पूर्ववत केला. "वन्सं, मी काय म्हणते, ती बाई आली की तू जरा बस. खुर्चीत. उभी राहू नकोस पहारेकऱ्यासारखी."

"बसेन."

"आणि डार्लाला जवळ घे. चार वर्षांनी येतीये पोरगी."

पाळण्याचा एक कोपरा सेराफीनला किंचित सैल वाटला, तो तिने पुन्हा खोचला.

ओडील शाळेत गेली नव्हती. मिशनचं विमान पोरं न्यायला तळ्यावर उतरायचं तेव्हा तिचा बाप तिला शिकारीच्या फाशांच्या वाटेने जंगलात आत घेऊन जायचा आणि विमान उडाल्याशिवाय परत यायचा नाही. त्यामुळे ओडीलला लिहिता-वाचता आलं नाही, पण तिच्या आईने तिला जे जे शिकवलं ते सगळं आलं. मूस हरणाचं कातडं कमावणं, बॅनकची जाड भाकरी, रडणाऱ्या पोराला काय म्हणायचं, तापलेल्याला काय पाजायचं. सेराफीनचा बाप तेवढा चपळ नव्हता. ती सहा वर्षांची असताना शाळेत गेली. परत आली तेव्हा आई तिच्याशी क्रीमध्ये बोलायची आणि सेराफीनला ते सगळं कळायचं, पण उत्तर जिभेवर येत नसे. दोघी मग भांडी घासायच्या. भांडी घासताना बोलावं लागत नाही.

गाडी आली ती ठरल्यापेक्षा जरा लवकरच. खात्याची बाई म्हणजे तिशीची, गोल चेहऱ्याची लॉरेन. तिने कुणी न सांगता दारातच बूट काढले. सेराफीनला तेवढ्यावरूनच ती बरी वाटली. तिच्यामागे डार्ला. केस कानापर्यंत कापलेले, गालफडं वर आलेली, आणि अंगात कुणाचा तरी मोठा कोट.

"आलीस?" सेराफीन म्हणाली.

"हो."

"बूट काढ."

तिला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. रात्रभर तिने ते मनाशी घोळवलं होतं. पण तोंडातून हे निघालं, आणि डार्ला खाली वाकून मुकाट्याने नाड्या सोडायला लागली. ओडीलने तिला बूट काढू दिले नाहीत. एका पायात बूट असतानाच तिला कवटाळलं आणि तिच्या कानाशी क्रीमध्ये काहीतरी पुटपुटली. डार्ला हसली. सेराफीनने पाहिलं आणि ओल्या फरशीवर फडकं मारलं.

लॉरेनने घर बघितलं. फ्रिज उघडला, गरम पाण्याचा नळ सोडून पाहिला, धुराचा अलार्म वाजवून पाहिला. कपाटातल्या डाळी-कडधान्यांच्या बरण्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. न्हाणीघरात टॉवेल असे ठेवलेले की हात लावायची छाती होऊ नये.

"खरं सांगू का सेराफीन मावशी," ती म्हणाली, "मी या कामात सात वर्षं आहे. असं घर मी बघितलेलं नाही. माझं स्वतःचं घर तुम्ही बघितलंत तर मला पोर देणार नाही तुम्ही."

ओडील खदखदून हसली. सेराफीनचा जीव भांड्यात पडला. ओडीलने सांगितल्याप्रमाणे ती खुर्चीत बसलीसुद्धा, अगदी कडेवर. चहा झाला. मासा झाला. लॉरेनने दोनदा मागून घेतला. आता सहीचं तेवढं राहिलं, असं तिघींनाही वाटलं.

डार्ला मात्र टेबलाशी नव्हती. ती आतल्या खोलीत गेली होती.

"आई," तिने हाक मारली. "हे काय आहे?"

तिने खण उघडला होता. त्यात टेसाचे कपडे होते. झबली, टोपडी, पायमोजे, दुपटी. सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं, एकावर एक. डार्लाच्या हातात एक पिवळं झबलं होतं आणि तिने गळ्याची पट्टी उलटी केली होती. आतल्या बाजूला लाल दोऱ्याने, बारीक, एकसारख्या टाक्यांत सदतीस आकडा घातलेला होता. तिने दुसरं झबलं उलटलं. त्याच्यावरही सदतीस. टोपड्याच्या कडेला सदतीस. पायमोज्यांच्या काठाला, दिसेल न दिसेल असं, सदतीस.

"खूण आहे," सेराफीन म्हणाली. "धुण्यात हरवू नये म्हणून."

"कुणाच्या धुण्यात? घरात दोन माणसं असणार आहेत. एक तू आणि एक ती. तुझ्या परकरात आणि तिच्या झबल्यात घोटाळा होईल काय?"

लॉरेन दारात येऊन उभी राहिली होती. ओडील तिच्या मागे. सेराफीनला आता पहिल्यांदाच ते कपडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसले. खरंच, तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. कपडे आणले, धुतले, डब्यातून लाल दोरा काढला आणि हाताने आपलं काम केलं. इतकी वर्षं हात ते करतच आला होता. लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या, आल्फॉन्सच्या पहिल्या शर्टाच्या कॉलरखालीही तिने हे टाके घातले होते. आल्फॉन्स मिशनच्या त्याच शाळेतला, मुलांच्या बाजूचा. त्याने कॉलर उलटून पाहिली, थोडा वेळ तसाच उभा राहिला, शर्ट घातला आणि कामावर गेला. मरेपर्यंत त्या दोघांत यावर एक शब्द झाला नाही.

"माझ्या कपड्यांवर हेच होतं," डार्ला म्हणाली. "फ्रॉकवर, चड्डीवर, हातमोज्यांवर. शाळेत पोरं विचारायची, तर मी सांगायचे आमच्या घराचा नंबर आहे. मला खरंच वाटायचं आमच्या घराचा नंबर आहे. मग मोठी झाल्यावर एकदा केंद्रात एक म्हातारा बोलत होता. त्याने सांगितलं तिकडे मिशनच्या शाळेत पोरांना नंबर असायचे. नावाने हाक मारत नसत." तिचा आवाज बारीक झाला. "तू मला तुझा नंबर घातलास आई. आणि आता तिला घालतेयस."

"तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

सेराफीनने झबलं तिच्या हातातून घेतलं. घडी मोडली होती, ती तिने नकळत सरळ केली. "तिकडे आठवड्याला धुणं जायचं. शंभर-दीडशे पोरींचं एकत्र. ज्याच्यावर तुझा नंबर, ते तुला परत मिळायचं. बाकी काही परत मिळायचं नाही. जाताना आईने मला सशाच्या कातडीची टोपी घातली होती, ती पहिल्या दिवशी घेतली. तिच्यावर नंबर नव्हता. ती गेली. वेणी कापली, ती गेली. परत फक्त नंबरवालं येतं. म्हणून मी घालते. माझं ते माझ्याकडे परत यावं म्हणून."

एवढं बोलणं सेराफीनने एका दमात कधी केलं असेल असं ओडीलला आठवेना. लॉरेन जमिनीकडे बघत होती. डार्लाचे डोळे भरले होते, पण तिचा राग तसाच होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागालाही हक्क होता.

"माझ्यावर होता ना नंबर?" ती म्हणाली. "मग मी आले का परत?"

डार्ला पाळण्याच्या काठावर हात टेकून उभी राहिली. "लॉरेन, मी सही नाही करणार. माझी पोर या घरात नको."

"डार्ला, विचार कर," लॉरेन म्हणाली. "इथं नाही म्हणालीस तर विनिपेगचं नक्की होईल. मला ते थांबवता येणार नाही. आणि मला ते व्हायला नकोय."

"माझ्याकडे दे," ओडील म्हणाली. "झोपेल माझ्यापाशी. नाहीतरी आमच्याकडे मोजायला कुणाला वेळ नाही, एक वाढलं तर कळणारसुद्धा नाही."

"ओडील मावशी, तुमच्या घराची पाहणी झालीये मागच्या साली. ओल आहे, माणसं जास्त आहेत." लॉरेनला हे सांगताना लाज वाटत असावी, तिचे कान लाल झाले. "ते वर मान्य होणार नाही. मी कितीही लिहिलं तरी नाही होणार."

म्हणजे ज्या घरात पोर वाढली असती ते घर नापास, आणि पास झालेल्या घरात तिची आई तिला ठेवायला तयार नाही. खात्याच्या कागदांत याला काय म्हणत असतील ते खातंच जाणे.

डार्ला आईकडे वळली. आता ती ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "तुला एक विचारायचंय. लहानपणापासून विचारायचंय. मी रात्री रडायचे तेव्हा तू यायचीस. मला माहीत आहे तू यायचीस. दाराखालच्या फटीतून मला तुझे पाय दिसायचे. तू तिथं उभी असायचीस. मी रडून रडून थकेपर्यंत उभी असायचीस. पण दार उघडत नव्हतीस. मला वाटायचं तू बघतेयस, मी कधी गप्प होते ते. मग मी ओडील मामीकडे पळायला लागले. तिथं निदान कुणाच्या तरी अंगाखाली चिरडायला तरी व्हायचं."

सेराफीन पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. ओडीलला वाटलं आता ही नेहमीसारखी फडकं घेऊन कुठंतरी निघून जाईल. पण ती गेली नाही.

"इडा आठवते तुला?" तिने विचारलं.

"विनिपेगची मावशी? एकदा बघितली होती. बोलत नव्हती तुझ्याशी."

"ती माझ्यामागून आली शाळेत. मी नऊची होते, ती सहाची. बहिणींनी एकमेकींशी बोलायचं नाही असा नियम होता. पहिल्या रात्री ती रडायला लागली. मी तिचा आवाज ओळखला. उठले, तिच्या पांघरुणात शिरले. ती गप्प झाली लगेच. माझ्या काखेत तोंड घालून झोपली. सकाळी मिशनच्या सिस्टरने आम्हाला तसंच पाहिलं." सेराफीन थांबली. "मला काही केलं नाही. मला उभं करून बघायला लावलं."

ओडील भिंतीला टेकली.

"दुसऱ्यांदा रडली तेव्हाही मी गेले. मूर्ख होते. वाटलं या वेळी सकाळ व्हायच्या आत परत येईन. परत मार तिलाच. मग मी जाणं सोडलं. झोपायच्या हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. म्हणायचे, रड बाई, मी इथंच आहे, पण मी आले तर तुला मार बसेल. हे मनात म्हणायचे. तिला कुठं ऐकू जाणार. तिला वाटलं मी तिला टाकली. अजून वाटतं."

तिने हातातलं झबलं खणात ठेवलं. "तू झालीस तेव्हा इथं कुणी सिस्टर नव्हती. मला माहीत होतं ते. मी वेडी नाही. पण तू रडलीस की मी यायचे, दाराशी यायचे, आणि पुढं पाय उचलायचा नाही. वाटायचं, मी हात लावला की तुलाच काहीतरी होईल. म्हणून उभी राहायचे. मी काही तुझं गप्प होणं बघत नव्हते गं."

डार्ला बसली. पाळण्याशेजारी खुर्ची होती तिच्यावर नाही, सरळ जमिनीवर. ओडीलने डोळे पुसले आणि नाक शिंकरलं, तेही चांगलं मोठ्याने.

मग सेराफीन जे बोलली त्याची कुणाला अपेक्षा नव्हती, तिलाही नसावी. "पोर माझ्याकडे म्हणून देऊ नकोस. वहिनी इथं राहायला येऊ दे. घर माझं, कागद माझे, पण पोर तिच्यापाशी. ती घेईल, ती निजवेल, रात्री तीच उठेल. माझ्या खोलीत ती आणि टेसा झोपतील. मी बाहेर कोचावर. मी धुणं बघेन, दूध तापवेन, बाटल्या उकळेन. ते मला येतं. तू सुटून आलीस की घेऊन जा."

स्वतःच्या घरात ती धुणंवालीची नोकरी मागत होती, आणि तेही मुलीकडे.

"मला विचारलंस का?" ओडील म्हणाली.

"विचारतेय."

"रोज बूट काढायला लावशील."

"लावीन."

"मासा?"

"आण."

"नातवंडं येतील मला भेटायला. दोन-दोन, चार-चार. बर्फाचे पाय घेऊन."

सेराफीनने आपल्या पुसलेल्या फरशीकडे पाहिलं. "येऊ देत."

"मग आधी ही चादर सैल कर. माझ्यादेखत." सेराफीन वाकली आणि तिने पाळण्याच्या चारी बाजूंनी चादर उपसली. हात सवयीने पुन्हा खोचायला निघाले, तेव्हा तिने ते मागे घेतले. ओडील लॉरेनकडे वळली. "चालेल का गं असं? का आणखी कुणाला विचारायचंय?"

"वर विचारावं लागेल," लॉरेन म्हणाली. "पण घर हे, आणि बाळ सांभाळायला दोघी, याला ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. डार्ला तयार असेल तर."

सगळ्या डार्लाकडे बघत होत्या. डार्ला जमिनीवर बसून उघड्या खणाकडे बघत होती.

"ते काढून टाक," ती म्हणाली.

"काढते."

"सगळ्यांवरचे."

"हो."

"आणि ती रडली की ओडील मामी उठेल. पण तू दाराबाहेर थांबायचं नाहीस. आत येऊन बसायचं. काही करू नकोस हवं तर. नुसतं बसायचं."

सेराफीनने मान हलवली. मग डार्ला उठली, टेबलाशी गेली आणि लॉरेनने दाखवलं तिथं सही केली. सेराफीनने केली. ओडीलने अंगठा लावला आणि शाई पुसायला सेराफीनचा सगळ्यात पांढरा टॉवेल घेतला. सेराफीनने तो घेऊ दिला.

दिवस लहान होते. रस्ता गोठायच्या आत निघायला हवं म्हणून लॉरेन घाई करू लागली. काचेवरचा बर्फ खरवडते, तू ये मागून, असं डार्लाला सांगून ती बाहेर गेली. सेराफीनने उरलेला मासा आणि दोन भाकऱ्या कागदात बांधल्या. पुडक्याचे कोपरे तिने चारी बाजूंनी सारखे दुमडले.

डार्ला पुढच्या दाराशी वाकून बुटाच्या नाड्या बांधत होती. एक बांधून झाली. दुसरी बांधायला वाकली ती वाकलेलीच राहिली. बोटं नाडीवर होती, पण हलत नव्हती. कोट मोठा होता, तरी त्याच्या आत खांदे हलताना दिसत होते. आवाज अजिबात नव्हता. आवाज न करता रडायला ती याच घरात शिकली होती.

सेराफीन पुडकं हातात घेऊन तिच्यामागे उभी होती.

तिने आधी खिडकीतून बाहेर पाहिलं. लॉरेनची पाठ होती, ती काच खरवडत होती. मग तिने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. एकसष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीपाशी, कुणी बघतंय का ते पाहत होती. कुणी बघत होतंच. ओडीलची आणि तिची नजरानजर झाली. ओडीलने लगेच पाठ फिरवली, नळ पूर्ण सोडला आणि मोरीतल्या बशा एकमेकींवर आपटत धुवायला लागली. इतक्या जोरात, की एक फुटली.

सेराफीनने पुडकं खाली ठेवलं. डार्लाच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि ओढत दाराच्या मागे नेलं, जिथं हिवाळ्याचे जाड कोट खुंटीला टांगलेले होते. डार्लाच्या एका बुटाची नाडी सुटलेलीच होती. दोघी कोटांच्या आत शिरल्या. बाहेरून आता फक्त चार पाय दिसत होते, दोन बुटांतले आणि दोन मोज्यांतले.

बाहेर लॉरेनची काच साफ झाली. ती गाडीत बसली, हॉर्नवर हात नेला, घराकडे बघितलं आणि हात काढून घेतला. इंजिन चालू ठेवून ती वाट बघत राहिली.